सोळा डबे आणि चिमूटभर साखर

मुलुंड, ६ जानेवारी, मंगळवार

श्रुतिका,

आधी डबा उघड. गरम आहे तोवर खा. पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. पण वाच.

फोनवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक, आणि तुझे बाबा म्हणालेत की चौथ्या मजल्यावर पाय ठेवलास तर तंगडं मोडीन. मग माणसाने बोलायचं कुठून? म्हणून झाकणातून बोलतोय. तुमच्या नाहूरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला, धोंडूकाकाला, पटवलंय. तो डबा वर देईल. संध्याकाळी रिकामा डबा त्याच्याकडे खाली पाठव, म्हणजे उद्या भरून आणता येईल.

आत त्रिकोणी आंबोळ्या आहेत. हसू नकोस. आंबोळीचं पीठ आईच्या सँडविच टोस्टरमध्ये ओतलं, मध्ये गूळखोबरं घातलं आणि झाकण दाबलं. पहिल्या दोन चिकटल्या, त्या सुरीने खरवडून मीच खाल्ल्या. तिसरी मात्र झकास निघाली, बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. तूच म्हणायचीस ना, सकाळी गोड खाल्लं की दिवसाचं तोंड गोड होतं? आणि तरी रोज उपाशीपोटी घराबाहेर पडायचीस.

आई पाच वाजता ओट्यापाशी मला बघून घाबरली. म्हणाली, "आयुष्यात पाण्याचा ग्लास उचलला नाहीस, आज काय झालं तुला? ताप आहे का?"

लोक सांगतात मला कॉलेजातून काढलं. खोटं आहे. मी सोडलं. प्रिन्सिपल मॅडमनी कागद पुढे सरकवला, म्हणाल्या, "मिहिरची माफी मागतो असं लिहून दे आणि परीक्षेला बस." मी त्या कागदाचे चार तुकडे केले. माफी कसली? तो मिहिर तुझ्या डब्यात हात घालून खात होता आणि तू हसत होतीस. कुणाचं डोकं फिरणार नाही? एक कानाखाली बसली त्याच्या, एवढंच. त्या गडबडीत डबा पडला.

डबा ओळखशीलच. घासूनपुसून लख्ख केलाय.

सर्वेश


८ जानेवारी, गुरुवार

श्रुती,

काल संध्याकाळी धोंडूकाकाने डबा हातात दिला. मी गेटवरच उघडला. स्वच्छ धुतलेला, आणि तळाला चिमूटभर साखर.

मी स्कूटरवर बसलोच नाही, थेट कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. धोंडूकाका ओरडत होता, "पेट्रोल संपलं काय?"

तुझ्या आईची गोष्ट तूच सांगितली होतीस. वसुधाकाकू कधी कुणाचा डबा रिकामा परत पाठवायच्या नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण घरात ते चालू आहे म्हणालीस. म्हणजे तू रागात असूनही माझ्या डब्यात साखर घातलीस. एवढं मला पुरे आहे. खरं तर पुरे नाहीय, पण सध्या धकवतो.

आज पोह्यांचं काहीतरी केलंय, त्याला नाव नाही. पोहे नारळाच्या दुधात भिजवले, गूळ घातला, केळीच्या पानात गुंडाळून इडलीपात्रात वाफवले. पान उलगडशील तेव्हा वास घे.

धोंडूकाकाला रोज विचारतो, "दिला का?" तो म्हणतो, "वर दिला." फक्त रविवारी आणू नको म्हणाला. "रविवारी घरात माणसं असतात." कळलं. बाबांपासून लपवतेस. लपव. मला काही घाई नाही.

स.


१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

श्रुती,

आज आप्पेपात्रात तिळगुळाचे आप्पे केले. आत तीळ, गूळ, वेलची, आणि वरून तुपाचा थेंब. एकोणीसपैकी अकरा साबूत निघाले. अकराच्या अकरा तुझ्याकडे.

गोड बोल, असं आज लिहायचं असतं. गोड जाऊ दे, तू नुसतं बोल. एक ओळ लिही. शिवी दे. परवा साखर दोन चिमटी होती, काल तीन. मी मोजतो, सांगायला लाज वाटते. पण साखरेने किती दिवस बोलणार तू? मी माणूस आहे, मुंगी नाही.

माझी बाजू तू ऐकूनच घेतली नाहीस. त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, लेक्चरला अपमान झाला होता, आणि कॅन्टीनमध्ये आलो तर तुमचं दोघांचं ते चाललेलं. तुझीही थोडी चूक आहे की नाही? आधी सांगायचं ना, की

जाऊ दे. आप्पे खा.

सर्वेश


१९ जानेवारी, सोमवार

श्रुतिका,

काल किरणशी भांडण झालं. आपला किरण, पहिल्या बाकावरचा. चहाच्या टपरीवर मला म्हणतो, "अरे, श्रुतिका दिसली. बोरिवली स्टेशनबाहेर, शुक्रवारी सकाळी साडेसातला."

मी म्हटलं, "चष्मा बदल. सकाळी साडेसातला ती नाहूरला माझा डबा खाते."

"कोण सांगतं?"

"डबाच सांगतो."

तो हसला. "सर्व्या, तुझी पार वाट लागलीय रे. डबा बोलायला लागला?"

मी त्याची कॉलर धरली. मग सोडली. बघ, सोडली! तू असतीस तर म्हणाली असतीस, सुधारणा आहे.

पण रात्रभर तेच डोक्यात. बोरिवलीला तुझी मावशी राहते, माहीत आहे मला. गेली असशील एखाद्या दिवशी. रविवारी डबा नसतो ना, त्या दिवशी. किरणचा वार चुकला असेल. तसंच असणार.

आज फणसाच्या रसाची सांदणं आहेत. गेल्या मे महिन्यात आईने बरणीत भरून ठेवलेला रस, तिला न विचारता काढला. नारळाच्या दुधाची वाटी वेगळी ठेवलीय, सांडू नकोस. सगळं संपव. संपवतेस हे मला कळतं. डबा इतका निपटून येतो की घासायलासुद्धा मजा येत नाही.

स.


२३ जानेवारी, शुक्रवार

श्रुती,

हा सोळावा डबा. सातकापे घावन केलंय.

आई म्हणाली, "हे तुला जमायचं नाही, माझ्या सासूलासुद्धा एकदाच जमलं होतं." घावनावर गूळखोबऱ्याचं चून पसरायचं, अर्धं दुमडायचं, सरकवायचं, शेजारी परत पीठ ओतायचं, परत चून, परत दुमडायचं. सात वेळा. चौथ्याला तवा धरला आणि डाव्या हाताची तीन बोटं भाजली. म्हणून अक्षर असं आलंय. उजव्याने लिहितोय, पण कागद धरता येत नाही.

सात थर आहेत. प्रत्येक थरात मी एकच गोष्ट घातलीय, तुला माहीत आहे कुठली.

मला आता सहन होत नाही गं. कॉलेज सोडल्यापासून ज्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, तिथे मी गिऱ्हाइकाला प्रती देतो आणि सुट्टे परत द्यायला विसरतो. सकाळी पाच ते सात मी जिवंत असतो, तेवढाच. उत्तर दे. आज उत्तर आलं नाही तर उद्यापासून डबा बंद.

खोटं लिहिलं. उद्याही येईल.

तुझा,
सर्वेश


२४ जानेवारी, शनिवार

हे पत्र कुठल्याही डब्यातून येणार नाही. तरी लिहितोय, कारण आज तू माझ्यासमोर उभी होतीस आणि मला एक वाक्य धड बोलता आलं नाही.

सकाळी सतरावा डबा घेऊन आलो. धोंडूकाका खुर्चीतून उठला. "आज नको रे. वर कोणी नाही."

"म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. घरी जा."

मी जिन्याने धावलो. चार मजले. तंगडं मोडायला तुझे बाबा दारात असते तर बरं झालं असतं. दाराला कुलूप. शेजारच्या श्वेताकाकू कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या.

"शिवदासभाऊंना काल दुपारी दवाखान्यात नेलं. चक्कर येऊन पडले, साखर चारशेच्या वर गेली. श्रुतिका धावत आली ना बिचारी बोरिवलीहून."

"बोरिवलीहून? ती इथे नसते?"

"अरे, डिसेंबरपासून ती मावशीकडेच आहे. तिकडे नोकरी लागलीय. रविवारी येते बापाला बघायला. तुला माहीत नाही?"

मी जिन्यात खाली बसलो, श्रुतिका. डबा मांडीवर होता, गरम.

तेवढ्यात धोंडूकाका धापा टाकत वर आला. मी विचारलं, "मग डबे कुणाला दिलेस?"

"साहेबांना. ते म्हणाले, पोराला सांगू नको. मी तुला खोटं कधी बोललो? वर दिला म्हणालो. वरच दिला."

कोणाला दिला, हे मी सोळा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात तू वॉर्डाबाहेर बाकावर होतीस. मला वाटलं ओरडशील. तू माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाहीस, हाताकडे बघितलंस.

"हा माझ्या आईचा डबा आहे."

मी म्हणालो, "हो, म्हणजे मी..."

"मी दोनदा कॅन्टीनमध्ये जाऊन विचारून आले. काऊंटरच्या मागे, कचऱ्याच्या पिंपात, सगळीकडे शोधला. मला वाटलं कुणीतरी फेकून दिला." तुझा आवाज अगदी हळू होता. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या परवडल्या असत्या. "आणि तो तुझ्याकडे होता. त्याच्यातून माझ्या बापाला गूळ चारत होतास."

"मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं तू खातेस."

"विचारलंस कुणाला?"

मी डबा पाठीमागे लपवायला गेलो.

"आत काय आहे आता?"

"खापरोळी," मी म्हटलं. "गुळाच्या रसातली."

तू हसलीस. तसं हसणं पुन्हा कधी कुणाच्या तोंडावर बघायला लागू नये. "ते आत आणू नकोस. आणि जा."

मी गेलो. डबा हातातच राहिला. तो तेवढा तरी देऊन यायला हवा होता, हे मला मुलुंडला पोचल्यावर सुचलं.


१ फेब्रुवारी, रविवार

श्रुतिका,

हेही पाठवणार नाही. पण आज जे झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि तुझे बाबा सांगतील असं वाटत नाही.

तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा मी वॉर्डात शिरलो. चोरासारखा. शिवदासकाका उशीला टेकून बसले होते, बारीक झालेत. मला वाटलं सलाईनची बाटली फेकून मारतील.

"बस रे मेल्या," ते म्हणाले. "उभो कित्याक?"

मी स्टुलावर बसलो.  मी म्हटलं, "काका, तुम्हाला साखर आहे हे माहीत असून तुम्ही खाल्लंत कशाला?"

"पयल्या दिवशी धोंडू डबो घेऊन इलो. मी म्हटलंय, परत दे त्या मेल्याक. मगे डबो उलटो केलंय. खाली नाव."

नाव मलाही माहीत होतं. वसुधा शि. परब. भांडीवाल्याने टिंबाटिंबांनी कोरलेलं.

"तीन वर्सां झाली, त्या डब्यात माझ्यासाठी कोणी काय घातलेला नाय," काका म्हणाले. "चेडू, श्रुती, बोरिवलीक. सकाळी मी आणि रेडियो. तुझी ती तीनकोनी आंबोळी खाल्लंय आणि... जावंदे."

"आणि साखर?"

ते एकदम खुशीत आले. "ती माझी चोरटी साखर. लायटीच्या मीटरच्या पेटीत लपवून ठेवलंय, चेडवाक गावाची नाय म्हणान. आपलोच डबो, पण रिकामो कसो पाठवतलंय? वसू काय म्हटली असती?"

सोळा दिवस मी ज्या साखरेवर जगलो ती मीटरच्या पेटीतली होती, श्रुती. मी हसलो, आणि मग मला हसणं थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. काकांनी माझ्या भाजलेल्या बोटांकडे बघितलं.

"सोळाय चिठये वाचलंय," ते म्हणाले. "वाचूचे नाय व्हते. पण घरात बोलणारा कोण नाय, मगे वाचलंय. गूळ लिवलंस, खोबरा लिवलंस, तुझ्या आवशीन काय म्हटल्यान ता लिवलंस. एक शब्द खंयच नाय."

"कुठला?"

"ता मी सांगू?"

तेवढ्यात तुझ्या चपलांचा आवाज आला आणि मी दुसऱ्या दाराने निघालो.


नाहूर, ८ फेब्रुवारी, रविवार

श्रुतिका,

काका परवा घरी आले, धोंडूकाकाने सांगितलं. आज रविवार आहे, म्हणजे तू वर आहेस. यावेळी मी त्याला विचारून घेतलंय. डबा तुझ्याच हातात द्यायला सांगितलाय.

आत नाचणीची घावनं आणि मुगाची उसळ आहे. गूळ नाही, साखर नाही, मीठही बेताचंच. वॉर्डातल्या सिस्टरला काकांसाठी काय चालतं ते विचारून, कागदावर लिहून घेऊन केलंय. काही कलाकारी नाही. गोल आहेत, घावनं असतात तशी.

आता तो शब्द, जो सोळा चिठ्ठ्यांत कुठेच नव्हता. तीन कागद फाडले, हा चौथा.

मी लिहिलं होतं की गडबडीत डबा पडला. डबा पडला नव्हता. मी फेकला. तुझ्या हातातून ओढून घेतला आणि भिंतीवर मारला. मिहिरला मारलं त्याच्या नंतर. म्हणजे राग त्याच्यावर निघून गेल्यावर.

आणि मला माहीत होतं. डबा आपटल्यावर आतलं सगळं जमिनीवर आलं, शेवयांची छोटी छोटी घरटी होती, मध्ये वाटाणे बसवलेले, आणि एका घरट्यावर टोमॅटोच्या कातडीचा स. तू तो माझ्यासाठी आणला होतास, मी सकाळी काही खात नाही म्हणून. मिहिरला चव बघायला दिला होतास, मीठ बरोबर आहे का ते. स मला तेव्हाच दिसला. दिसल्यावरही मी थांबलो नाही, कारण इतकी माणसं बघत असताना आता थांबायचं कसं, ते कळेना. तू रडत बाहेर गेलीस आणि मी डबा उचलून बॅगेत टाकला. परत देण्यासाठी नाही. तुझ्याकडे परत यायला निमित्त राहावं म्हणून. रोज भरून पाठवायचो आणि रोज परत मागून घ्यायचो. तुझ्या आईचा डबा मी दोरीसारखा वापरला.

चुकलो.

मिहिरलाही लिहून दिलं, कॉलेजातही दिलं. ते मला परत घेणार नाहीत, वर्ष गेलंच. मिहिर म्हणाला, "ठीक आहे यार, पण त्या कानात अजून शिट्टी वाजते." 

काकांना दवाखान्यात पोचवलं ते मी. माहीत नव्हतं हे खरं आहे, पण विचारलं नाही हे जास्त खरं आहे.

डब्याला खालच्या बाजूला पोचा आहे, नावाच्या शेजारी. भांडीवाल्याकडे नेला होता. तो म्हणाला, "ठोकून सरळ करतो, पण नावाची दोन अक्षरं पुसतील." मी तसाच आणला.

हा डबा परत पाठवू नकोस. तो तुमचा आहे. यापुढे मी काही पाठवणार नाही आणि गेटवर उभा राहणार नाही. हे लिहिताना मला काय होतंय ते लिहीत नाही, कारण ते लिहिलं की परत सगळं माझ्याबद्दलच होतं.

सर्वेश


१० फेब्रुवारी, मंगळवार, गेटवर

श्रुती,

मी आलो नाही, मला बोलावलं. धोंडूकाकाने दुकानात फोन केला, "ये, वरून निरोप आहे." स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही.

त्याच्या हातात डबा नव्हता. कागद नव्हता. साखरेची पुडीही नव्हती.

"काय निरोप?"

"मीठ कमी होतं."

"काय?"

"एवढंच. 'त्याला सांग, मीठ कमी होतं.'"

मी तिथेच उभा. मीठ काकांना कमीच सांगितलंय, म्हणून मी कमी घातलं होतं. म्हणजे काकांनी खाऊन तक्रार केली असेल. त्यांना सगळंच कमी लागतं आता. किंवा ज्याला मीठ चालतं अशा कुणीतरी खाल्लं असेल. चव बघितली असेल. मीठ बरोबर आहे का ते.

नाही. अर्थ लावायचा नाही. साखरेचा अर्थ लावून एका माणसाला दवाखान्यात घातलंय मी.

"धोंडूकाका," मी म्हटलं, "हे कोण म्हणालं? साहेब की ताई?"

"ते मी काय विचारलं नाही बाबा. इंटरकॉमवर निरोप आला, आवाज घोगरा होता. ताई रविवारपासून इथेच आहे, सर्दी झालीय वरती दोघांनाही."

"आता विचार."

"आता?"

"इंटरकॉमवर नको. वर जा. दारात उभा राहून विचार. मी इथेच आहे."

तो कंबरेला हात लावून उठला. जाताना म्हणाला, "सोळा दिवस हेच विचारलं असतंस तर माझी ही खेप आज वाचली असती."

हे त्याच्या व्हिजिटर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहितोय, त्याच्याच पेनने. तो वर जाऊन बराच वेळ झाला. एवढ्याशा प्रश्नाला एवढा वेळ लागत नाही. लिफ्टचा आकडा चारवर आहे.

अजून चारवरच आहे.